अमळनेरला एकटीनं फिरायला जायचंय, पण घरी कारण काय सांगू?

पत्र थोडक्यात असं आहे. जळगावच्या एक वाचक, वय ४९. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलीचं लग्न झालेलं, घरात आता दोघंच. अमळनेरला आजवर कितीतरी वेळा जाणं झालं, पण प्रत्येक वेळी कारण लग्नाचं, साखरपुड्याचं नाहीतर दहाव्याचं. कार्यालयात उतरायचं, जेवायचं, गाडीत बसायचं. यंदा डिसेंबरात एक अख्खा दिवस त्या गावात नुसतं पायी फिरावं असं त्यांच्या मनात आहे, आणि एकटीनं. यजमानांकडे सहज विषय काढला तर ते म्हणाले, तिथं बघायला काय आहे, जायचंच तर मी गाडी काढतो, मंगळग्रह मंदिर, पारोळ्याचा किल्ला, एरंडोल, पद्मालय सगळं एका दिवसात करून येऊ. नणंद हसली. आता ताई विचार करताहेत की मावसबहिणीकडे जाते असं सांगून निघावं. त्या विचारतात: एकट्या बाईनं असं विनाकारण फिरणं बरं दिसेल का, दिवसभर करायचं तरी काय, आणि स्वतःच्या हौसेसाठी एक दिवस आणि पैसे घालवणं हा स्वार्थ नाही का?

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात एक गोष्ट लगेच डोळ्यात भरली. अमळनेरबद्दल तुम्ही चार ओळी लिहिल्यात आणि कोण काय म्हणेल याबद्दल दीड पान. म्हणून मी उलटं करते, आधी गावाचं बोलते आणि घरचं नंतर, कारण गावाचं नीट मनात बसलं की घरी काय सांगायचं ते सोपं होईल असं मला वाटतं.

"तिथं बघायला काय आहे" हा प्रश्न तुमच्या यजमानांनी विचारला, नणंदेनं हसून विचारला, आणि खरं सांगू का, तो तुम्हीही मान्य करून टाकलाय, नाहीतर मावसबहिणीचं निमित्त शोधायची गरज पडली नसती. आपल्याकडे बघण्यासारखं म्हणजे काय तर किल्ला, देऊळ, धबधबा, ज्याच्यासमोर गाडी लावता येते आणि फोटो काढता येतो. त्या मापानं मोजलं तर अमळनेर तासाभरात संपतं हे मीही मान्य करेन. पण ते माप कोणी ठरवलं?

जरा हे बघा. १९१६ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्या कितीतरी आधी, कापसाच्या गिरणीच्या पैशातून प्रतापशेठनी या बोरी नदीकाठच्या तालुक्याच्या गावात काय काढलं तर तत्त्वज्ञान मंदिर. वेदान्ताचा आणि एकूण तत्त्वज्ञानाचा अभ्यास करायला देशभरातून विद्वान इथं येऊन राहायचे, कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य काही काळ इथं संचालक होते, इथून इंग्रजीत तत्त्वज्ञानाचं त्रैमासिक निघायचं. आपल्या खान्देशात, जिथं सकाळी बैलगाड्या भरून कापूस यायचा तिथं. साने गुरुजी अमळनेरला आले ते आधी याच मंदिरात शिकायला, आणि मग १९२४ पासून १९३० पर्यंत ते इथल्या शाळेत मास्तर होते, आज तिला प्रताप हायस्कूल म्हणतात. वसतिगृह सांभाळायचे, आजारी पोरांचं करायचे, आणि मुलांसाठी हातानं लिहून 'छात्रालय' नावाचं दैनिक काढायचे. दैनिक, बरं का, मासिक नाही. नोकरी सोडली ती मिठाच्या सत्याग्रहात उडी घ्यायला.

आणि मग १९४५ साल. त्याच वर्षी इथं प्रताप कॉलेज निघालं, आणि त्याच वर्षी २९ डिसेंबरला मोहम्मद हाशम प्रेमजींनी वनस्पती तुपाची कंपनी इथं काढली, तीच पुढे विप्रो झाली. तुमचा मुलगा पुण्यात नोकरी करतो ना, त्याला विचारा, त्याच्या ओळखीतलं कोणी ना कोणी विप्रोत असेलच, आणि त्यातल्या किती जणांना माहितीये की ती कंपनी आपल्या अमळनेरची. मराठी साहित्य संमेलन इथं १९५२ मध्ये झालं आणि परत २०२४ मध्ये, बहात्तर वर्षांनी. लाखभर वस्तीच्या आसपासच्या गावाला हे सगळं का आणि कसं मिळालं, हा प्रश्न डोक्यात घेऊन रस्त्यानं चाललं की एरवी साधी वाटणारी इमारतसुद्धा वेगळी दिसते.

आता हे सगळं गाडीतून दिसत नाही. यजमानांच्या यादीत चार ठिकाणं आहेत आणि चारही चांगली आहेत, पण एका दिवसात ती करायची म्हणजे पंगतीत वाढपी फिरतो तसं, सगळ्या पानांपाशी जायचं आणि जेवायचं कुठंच नाही. शिवाय हिवाळ्यात दिवस छोटा. सकाळी नऊला निघालात तर सहाच्या आत अंधारून येतं, मधले कितीतरी तास गाडीत जातात. तुम्हाला जे हवंय ते यादीत बसणारं नाहीच.

मग करायचं काय ते सांगते, पण तासातासाचं टाइमटेबल नाही देणार, ते केलं की परत यादीच झाली.

आधी दिवस निवडा. मंगळवार नको, त्या दिवशी मंगळग्रह मंदिरामुळे गावात बाहेरच्या गाड्यांची गर्दी असते (तुम्हाला देवदर्शनच करायचं असेल तर मंगळवारच, ते वेगळं). रविवार नको, शाळा-कॉलेज बंद म्हणजे गावाचा अर्धा जीवच बंद. गुरुवार मार्गशीर्षातला असला तर तुमचा उपास आणि पूजा असेल, सकाळची घाई होईल. म्हणून बुधवार नाहीतर शुक्रवार. जायला ट्रेन घ्या असं मी म्हणेन. भुसावळ-सुरत लाइनवर सकाळी गाड्या आहेत, तासाभराचा प्रवास, आणि हिवाळ्यात तो प्रवासच निम्मी मजा आहे, गिरणेचा पूल, पाळधी, मग धरणगाव. धरणगाव आलं की खिडकीतून बाहेर बघा, बालकवींचा जन्म तिथला, १८९० चा. फुलाफुलांवर आणि झऱ्यावर लिहिणारा कवी त्या उन्हाळ्यात भाजून निघणाऱ्या मातीतून आला याचं मला नेहमी नवल वाटतं, पण डिसेंबरात बाहेर हरभरा, गहू, दादर ज्वारी उभी असते, वेचणीला आलेला पांढरा कापूस असतो, तेव्हा नवल थोडं कमी होतं. परतीला एसटी पण आहे, महिलांना अर्धं तिकीट आहेच. ट्रेनची वेळ आदल्या रात्री मोबाइलवर बघून ठेवा, गाड्या लेट होतात, म्हणून शेवटच्या गाडीवर भिस्त ठेवू नका, तिच्या आधीचीच पकडायची असं ठरवून जा.

दोनच गोष्टी पक्क्या ठरवा. एक तत्त्वज्ञान मंदिर आणि दुसरी साने गुरुजींची शाळा, म्हणजे प्रताप हायस्कूल. ही दोन्ही टुरिस्टांची ठिकाणं नाहीत, चालत्या संस्था आहेत, त्यामुळे सरळ आत शिरायचं नाही, आदल्या दिवशी ऑफिसात फोन करून विचारायचं, सोबत आधार कार्ड ठेवायचं, गेटवर सांगायचं की मला बघायचंय, पाच-दहा मिनिटं चालेल का. शिकवणं चालू असेल आणि नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका, बाहेरून बघा आणि पुढे चला. बाकीचा दिवस मोकळा. जुन्या गावात शिरा, दगडी दरवाजा विचारत जा, जुन्या कोटाची ती खूण आहे, आणि तिथून गल्ल्यांमध्ये जिकडे पाय नेतील तिकडे. दुकानांच्या पाट्या बघू नका, वर बघा. वरच्या मजल्यांवर लाकडी खिडक्या असतात, नक्षीचे खांब, कुठं अजून धाब्याचं घर टिकून असतं, खाली मोबाइल रिपेअरिंग आणि वर शंभर वर्षांचं सागवान. बोरीच्या पात्रातल्या सखाराम महाराजांच्या समाधीपाशी उन्हं चढायच्या आत जा. वैशाखातल्या यात्रेत तिथं पाय ठेवायला जागा नसते, हिवाळ्यातल्या कामाच्या दिवशी निवांत बसता येतं.

दोन ते चार गाव झोपतं. हे लक्षात ठेवा, कारण नवीन माणूस नेमका त्या वेळेला कंटाळतो आणि म्हणतो चला आता परत. ती वेळ जेवणाची ठेवा. आणि हिवाळ्यात आपल्याकडे जेवायचं म्हणजे भरीतच. तुम्ही म्हणाल घरी करतेच की मी, पण घरी आपण गॅसवर भाजतो. भरिताची लांबट, हिरवी, पांढरट झाक असलेली वांगी (जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं ते हेच) काड्यांच्या जाळावर भाजतात ते एकदा नीट उभं राहून बघा. आधी दाभणानं टोचे मारतात, नाहीतर जाळात वांगं फुटतं. कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांचा जाळ भसकन उठतो आणि भसकन बसतो, त्यात वांगी सारखी फिरवत राहायची. साल काळी ठिक्कर झाली की हातानंच सोलतात, बोटं पाण्यात बुडवत बुडवत, आणि लाकडी बडगीत घालून ठेचतात. मिक्सर लावला की धागा तुटतो आणि चव जाते. मग तेलात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, वरून बचकभर कांद्याची पात. पुरीशी खा किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी मिळत असेल तर तीच मागा, सोबत मुळा आणि कच्ची मेथी. आचाऱ्याला विचारा वांगी कुठली, तो बामणोदची म्हणेल नाहीतर अजून कुठली, आणि पुढची दहा मिनिटं त्या विषयावरच बोलेल. कुठं मिळेल हे स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याला विचारा, नेटवर नका शोधू.

आता एकटीचा प्रश्न.

छोट्या गावात एकटी बाई हातात पिशवी नाही, सोबत पोर नाही अशी गल्लीतून हळूहळू चालली की लोक बघतात. बघणारच. वाईट नजरेनं नाही, त्यांना प्रश्न पडलेला असतो. आणि तो प्रश्न ते विचारतात सुद्धा, ओट्यावर ऊन खात बसलेल्या आजी हमखास विचारतील, "कोनाकडे उनात ताई?" म्हणजे कोणाकडे आलात. तुम्ही इथं घाबरून कोणाचं तरी आडनाव सांगाल, तर फसाल, कारण पुढचा प्रश्न येतो त्यांचं घर तर तिकडं, मग इकडं कुठं? सरळ सांगा, कोणाकडे नाही आले, गाव बघायला आले जळगावहून. आधी त्या म्हणतील, आमच्या गावात काय बघायचं बाई. आणि मग स्वतःच सुरू होतील, तो वाडा बघितला का, मिलचा भोंगा वाजायचा तेव्हा आम्ही घड्याळ लावायचो, माझे सासरे मिलमध्ये होते, बस ना, चहा घे. हे ऐकायला वेळ लागतो आणि तो वेळ फक्त एकट्या, घाई नसलेल्या माणसाला मिळतो. बुजुर्ग माणूस भेटला तर जिभाऊ म्हणून हाक मारा आणि विप्रोच्या शेअरचा विषय काढा. कोणाच्या आजोबांनी ठेवले, कोणी विकून टाकले, त्या गावात तो घराघरातला विषय आहे.

सांभाळून राहायचं म्हणाल तर एवढंच: अंधार पडायच्या आत स्टेशनवर, नदीपात्रात दुपारी सामसूम असेल तेव्हा एकटीनं फार आत जायचं नाही, मोबाइल चार्ज केलेला. आणि एक गोष्ट जी कोणी लिहीत नाही पण आपल्या सगळ्या दिवसावर तीच राज्य करते, बाथरूम. बायका बाहेर पडताना पाणीच पीत नाहीत, मग दुपारी डोकं दुखतं. एसटी स्टँडचा भरवसा धरू नका. संस्थेत गेलात की तिथं विचारा, जेवाल ते हॉटेल तशी सोय बघूनच निवडा, आणि पाणी पीत राहा, आपल्याकडचं डिसेंबरातलं ऊन सुद्धा दुपारी चटका देतं. सकाळी पारा पार खाली असतो, स्वेटर लागेल, अकराला तो नकोसा होईल, म्हणून जाड स्वेटरपेक्षा पातळ स्वेटर आणि वर शाल, म्हणजे शाल घडी करून पिशवीत जाते.

आता घरचं.

ताई, मावसबहिणीचं नाव सांगून जाऊ नका. नैतिकतेचं सोडा, आपल्या जिल्ह्यात ते टिकणारच नाही. अमळनेरच्या बाजारात तुमच्या नाहीतर त्यांच्या भाऊबंदकीतलं कोणीतरी दुपारपर्यंत भेटणार आणि संध्याकाळी तुम्ही घरी पोचायच्या आत फोन आलेला असणार. मग एका साध्या, सुंदर दिवसाची चौकशी होऊन बसेल. आणि दिवसभर तुम्ही ओढणी डोक्यावर घेऊन ओळखीचे चेहरे चुकवत फिराल, गाव कुठलं बघताय.

यजमानांबद्दल तुम्ही लिहिलंय, "त्यांना सांगितलं तर ते गाडी काढतील." हे तुम्ही तक्रारीसारखं लिहिलंय, पण मला त्यात माया दिसते. ते नको म्हणत नाहीयेत, त्यांच्या पद्धतीनं हो म्हणताहेत. म्हणून स्वतःला एक प्रश्न विचारा, मोकळेपणानं. तुम्हाला एकटीनं जायचंय की घाई न करता जायचंय? ते तुमच्यासोबत आले, गाडी घरी ठेवली, घड्याळ बघितलं नाही, कुठल्या ओट्यावर तासभर बसले, तर तुम्हाला आवडेल का? आवडेल असं उत्तर आलं तर तुम्हाला एकटेपणा नकोय, निवांतपणा हवाय, आणि तो त्यांच्याकडे मागता येतो. आणि नाही, तरीही मला एकटीनंच जायचंय असं उत्तर आलं, तर तेही अगदी ठीक आहे. पंचवीसेक वर्षं कोणाची तरी बायको, आई, वहिनी म्हणून प्रत्येक गावात उतरल्यावर एकदा कोणाचीच कोणी न होता उतरावं वाटणं यात नवऱ्यावर राग असतो असं नाही.

मैत्रिणींना घेऊन जावं का असंही तुम्ही एका ओळीत विचारलंय. माझं मत, पहिल्या वेळी नको. भिशीचा ग्रुप निघाला की गप्पा ग्रुपच्याच होतात, गाव मागे फोटोत राहतं.

स्वार्थाचं म्हणाल तर तुमच्याच पत्रात उत्तर आहे. तुम्ही सहज लिहून गेलात की यजमान दर हिवाळ्यात मित्रांबरोबर भरीत पार्टीला शेतात जातात आणि रात्री अकराला येतात. त्या शेतात बघायला काय असतं? काहीच नाही, थंडी असते, जाळ असतो, मित्र असतात. त्यांना तो दिवस लागतो आणि तुम्ही कधी कारण विचारलं नाही, आणि विचारू पण नये. तेवढंच तुम्हाला लागतंय. रेल्वेचं तिकीट, एक जेवण, दोन चहा, याचा हिशोब मांडायला बसू नका. हे भांडणात ऐकवायचं हत्यार म्हणून सांगत नाहीये, फक्त तुमच्या मनातली ती टोचणी जावी म्हणून.

मग सांगायचं कसं? परवानगी मागू नका आणि जाहीरही करू नका, सांगा. रात्रीच्या जेवणानंतर, शांतपणे: "बुधवारी मी अमळनेरला जातेय, सकाळच्या गाडीनं. काम काही नाही, गाव बघायचंय. संध्याकाळपर्यंत येते, डबा करून ठेवते." (डबा करायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, एका दिवशी त्यांनी शेवभाजी बाहेरून आणली तर काही बिघडत नाही.) ते परत म्हणतील तिथं काय आहे, तर वाद घालू नका, आल्यावर सांगते म्हणा. दुपारी एक फोन करा, म्हणजे त्यांची काळजी पण मिटते.

असंच पत्र अजून दोघी-तिघींचं होतं, गावं वेगळी, म्हणून त्यांच्यासाठी इथंच लिहिते. चाळीसगावच्या आसपास राहत असाल तर स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे. हे छायाचित्रकार १९८९ मध्ये गेले, आयुष्याचा मोठा काळ त्यांनी जवळजवळ त्या घरातच काढला, आणि टेबलावर छोट्या वस्तू मांडून असे फोटो काढले की खरे डोंगर-बर्फ वाटावेत. तिथं अर्धा दिवस द्या, पाटणादेवी दुसऱ्या वेळी. रावेर-यावलकडच्यांनी फैजपूर बघावं, १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन तिथं झालं, नेहरू अध्यक्ष, सजावट नंदलाल बोस यांची, आणि थंडी आत्ता असते तीच. शहाद्याकडच्यांनी दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार जरूर करावा, पण तो निवांत दिवस नाही, ती यात्रा आहे, ती माणसांसोबतच करायची.

आणि ताई, यजमानांची यादी फेकून देऊ नका. जानेवारीत एका रविवारी त्यांना म्हणा आता काढा गाडी. फक्त त्या चारातलं एकच निवडा, मी पद्मालय म्हणेन, एरंडोलपासून जवळ, डाव्या आणि उजव्या सोंडेचे दोन गणपती एकत्र, समोर तळं. सकाळी लवकर निघा, तळ्याकाठी डबा खा आणि पारोळ्याचा किल्ला त्या दिवशी नाही हे निघतानाच ठरवून घ्या.